केंद्रातून पोरगं घरी आलं. आता आई-बापानं काय करायचं?

व्यसनमुक्ती केंद्रातून महिना-दीड महिन्यानं पोरगं परत येतं तेव्हा घरात सणासारखं वाटतं. अंगावर मांस चढलेलं असतं, डोळे स्वच्छ, बोलणं सरळ. आई भाकरतुकडा ओवाळून टाकते, मामा-मावशी भेटून जातात, 'झालं गेलं गंगेला मिळालं' म्हणतात. मग कधी पंधरा दिवसांनी, कधी पोळ्याला, कधी मित्राच्या वरातीत तो पुन्हा पितो. आणि गावभर होतं, 'त्या केंद्राचा काही उपयोग नसतो, पैसे पाण्यात.'

पैसे पाण्यात जात नाहीत. पण केंद्रात उपचारांची सुरुवात होते, शेवट नाही, हे आई-बापाला नीट कुणी सांगितलेलं नसतं. डिस्चार्जच्या दिवशी 'लक्ष ठेवा' एवढं सांगून पाठवतात. लक्ष ठेवायचं म्हणजे काय, हा प्रश्न घेऊन माणसं घरी येतात आणि बहुतेक घरांत त्याचं उत्तर निघतं ते म्हणजे पहारा. माझ्या मते निम्मं काम इथंच बिघडतं. पण त्याआधी आजार समजून घेऊ.

मनात आणलं तर सोडता येत नाही का?

आवडती गोष्ट मिळाली की मेंदूत डोपामिन नावाचं रसायन वाढतं आणि 'हे पुन्हा कर' अशी नोंद होते. जेवणानं, शाबासकीनं, लेकराच्या हसण्यानं ते थोडंसं वाढतं. दारू, गांजा, नशेच्या गोळ्या यांनी ते एकदम उसळतं. रोज असं व्हायला लागलं की मेंदू त्या उसळीलाच सरावतो. साध्यासुध्या गोष्टींत गोडी वाटेनाशी होते, क्वार्टरवर भागत होतं तिथं दोन लागतात, आणि सकाळी मिळाली नाही तर हात थरथरायला लागतात. या अवस्थेला डॉक्टर 'अवलंबित्व' म्हणतात.

पावसाळ्यात काळ्या रानातून बैलगाडी गेली की चाकोरी पडते. माती वाळल्यावर ती चाकोरी दगडासारखी होते आणि पुढच्या खेपेला गाडी हाकणाऱ्यानं कितीही सांभाळलं तरी चाक तिच्यात उतरतं. व्यसनानं मेंदूत हेच झालेलं असतं. महिनाभर गाडी जुंपली नाही म्हणून चाकोरी बुजत नाही. शेजारून नवी वाट पडावी लागते, आणि वाट पडते ती रोज तिच्यावरून गेल्यानं. त्याला महिने लागतात, काहींना वर्षं.

'मग आजारच म्हटल्यावर त्याची काहीच चूक नाही का?' असं वडीलधारी माणसं चिडून विचारतात. आजार जडणं त्याच्या हातात नसेल. औषध घेणं, तारखेला डॉक्टरकडे जाणं, केलेली उधारी फेडणं त्याच्याच हातात आहे, आणि ते त्याच्याकडून जरूर मागावं.

केंद्र सरकारचं सामाजिक न्याय मंत्रालय आणि दिल्लीच्या एम्सनं केलेली देशभरातली पाहणी 2019 मध्ये प्रसिद्ध झाली. 10 ते 75 या वयोगटातले 14.6 टक्के लोक, म्हणजे सुमारे 16 कोटी माणसं दारू पितात असं तीत दिसलं. दारूवर अवलंबून असलेल्या 38 जणांमागे एकालाच काही ना काही उपचार मिळाले होते. तुमचं पोरगं उपचारांपर्यंत पोहोचलं, याची किंमत या आकड्यावरून करा.

केंद्रात नेमकं काय झालं?

पहिला आठवडा शरीरातून नशा उतरवण्याचा असतो. रोज भरपूर पिणाऱ्यानं दारू एकाएकी बंद केली तर 6 ते 24 तासांत थरथर, घाम, मळमळ सुरू होते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमाराला काहींना भ्रम होतो: भिंतीवर किडे दिसतात, वार कळत नाही, घरची माणसं ओळखू येत नाहीत. यात जीव जाऊ शकतो. म्हणून 'चार दिवस खोलीत कोंडा, आपोआप उतरेल' हा गावठी उपाय जिवावर बेतणारा आहे. दवाखान्यात ठरावीक गोळ्या देऊन त्या हळूहळू कमी करतात आणि बी-1 जीवनसत्त्वाची इंजेक्शनं देतात, कारण पिणाऱ्याच्या शरीरात ते फार कमी झालेलं असतं आणि त्याच्या अभावानं मेंदूला कायमची इजा होऊ शकते.

छत्रपती संभाजीनगरच्या बातम्यांत ज्या 'बटन' गोळ्या सारख्या सापडतात, त्या मुळात झोपेच्या, मन शांत करण्याच्या गोळ्या. त्या रोज खाणाऱ्याच्या खिशातून काढून नाल्यात फेकल्या तर त्यालाही फिट येऊ शकते. त्या डॉक्टरच्याच हातून कमी व्हाव्या लागतात.

नंतरचे आठवडे समुपदेशन, गटात बसून बोलणं, वेळेवर उठणं-जेवणं यात जातात. आणि इथं एक गोष्ट लक्षात घ्यावी. केंद्रात दारूचं दुकान नसतं, मित्र नसतात, हातात रोकड नसते, सावकार दारात येत नाही, बायकोशी भांडण होत नाही. घरी आल्यावर हे सगळं एका दिवसात समोर उभं राहतं.

जाता जाता: सगळीच केंद्रं सारखी नसतात. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात दारू आणि नशेमुळे होणारे मानसिक त्रास मानसिक आजारात धरले आहेत, आणि रुग्णाला साखळीनं बांधायला त्याच कायद्यानं बंदी आहे. 'मार दिल्याशिवाय सुधारत नाहीत' असं जिथं सांगतात, तिथून पोरगं घेऊन निघायचं.

ओढ कधी उठते?

पिण्याची ओढ दिवसभर सारखी नसते. ती लाटेसारखी येते आणि बहुतेक वेळा थोड्या वेळात ओसरते. ती कशानं उठते हे ओळखता आलं तर निम्मी तयारी झाली.

आपल्याकडच्या खुणा ठरलेल्या आहेत. आठवडी बाजाराचा दिवस. सोयाबीन-कापसाची पट्टी हातात पडते ती संध्याकाळ. बीडकडच्या ऊसतोड घरांत मुकादमाकडून उचल मिळते ते दिवस, कारण एरवी न दिसणारी रक्कम एकदम खिशात येते. कंदुरीचं जेवण, लग्नाची वरात, शेतातल्या आखाड्यावर एकट्यानं काढायची रात्र. शिवाय भूक, राग, एकटेपण आणि थकवा, हे चार कुठंही, कुणालाही गाठतात. दुपारचं जेवण चुकलेला, मुकादमाशी वाजलेला माणूस संध्याकाळी सहाला गुत्त्यासमोरून जाणार असेल, तर त्या दिवशी त्याला निर्धारापेक्षा दोन भाकरींची गरज जास्त असते.

झोप उडणं, उगाच चिडणं, कशात मन न लागणं हे दारू सुटल्यावरही कित्येक आठवडे चालतं. आई-बापाला वाटतं, हा बदललाच नाही. मेंदू अजून सावरत असतो, इतकंच.

पहारा ठेवला तर काय बिघडतं?

संध्याकाळचे सात. पोरगं दारात येतं. अण्णा ओट्यावर बसलेलेच.

'कुठं गेलतास?'

'चौकात.'

'चौकात कोण कोण होतं?'

'कुणी नव्हतं, अण्णा.'

'हा कर.'

तो तोंड उघडतो. अण्णा वास घेतात. चौकटीत बायको आणि पाच वर्षांचं लेकरू उभं राहून बघतंय. वास येत नाही. अण्णा काही न बोलता बाजूला सरकतात. आत गेल्यावर त्यानं खुंटीला लावलेल्या शर्टाचे खिसे माय चाचपून बघते.

त्या दिवशी तो प्यायला नव्हता. तरी पदरात काय पडलं? प्यालो तरी हेच, नाही प्यालो तरी हेच, असा हिशेब त्याच्या मनात पक्का होतो. आणि पहारा कधी पुरा पडत नाही. ज्याला प्यायचीच आहे तो अण्णांच्या डुलकीची वाट बघतो.

त्याऐवजी बोली करावी. सगळे शांत असताना, दिवसाउजेडी, जमलं तर समुपदेशकासमोर, आणि कागदावर. त्यात मोजक्या गोष्टी: औषध सकाळच्या न्याहारीनंतर, त्यानं स्वतः, आईच्या समोर घ्यायचं. घरी यायची वेळ कोणती. मजुरीचे किंवा पगाराचे पैसे पहिले सहा महिने कुणाच्या खात्यावर. दवाखान्याची तारीख कोण लक्षात ठेवणार. उशीर होणार असेल तर फोन कुणाला. आणि पुन्हा प्याला तर दुसऱ्या दिवशी काय करायचं. हा शेवटचा मुद्दा अवघड वाटतो, पण तोही तेव्हाच बोलून घ्यावा. या बोलीत जे नाही, त्याची चौकशी करायची नाही. खिसे नाही, मोबाइल नाही, 'हा कर' नाही.

दुसरं, चांगलं झालं की ते बोलून दाखवायचं. चारचौघांत कौतुकाचे पूल बांधले की तो अवघडतो; घरात, कमी शब्दांत बोलावं. 'बाजारातून थेट घरी आलास, बरं वाटलं,' एवढं पुरतं. आपल्याकडे बापानं लेकाला तोंडावर बरं म्हणायची रीत नाही, ठाऊक आहे. इथं ती मोडावी लागते.

हे नुसतं मऊ बोलणं आहे असं कुणाला वाटेल. अमेरिकेत घरच्या माणसांना नेमकं हेच शिकवणारी एक पद्धत आहे: शुद्धीवर असताना जवळ घ्या, प्यालेला असताना वाद घालू नका, परिणामांवर पांघरूण टाकू नका. उपचाराला तयारच नसलेल्या पिणाऱ्यांच्या घरच्यांवर ती वापरून 1999 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात 64 टक्के पिणारे उपचाराला आले. सगळ्यांनी मिळून समोर बसवून जाब विचारायच्या पद्धतीत हे प्रमाण 30 टक्के होतं.

मग त्याला काहीच बोलायचं नाही का? पैशाचं काय?

मऊ बोलायचं म्हणजे सगळं चालवून घ्यायचं असं नाही. बहुतेक आयांची गल्लत इथं होते, आणि प्रेमापोटीच होते. पोरगं पिऊन पडलं की त्याच्या मालकाला फोन, 'ताप आलाय त्याला.' गुत्त्यावरची उधारी गुपचूप फेडायची, कारण चारचौघांत इज्जत जाते. त्यानं मोबाइल गहाण टाकला की बचतगटातून उचलून सोडवायचा. यातल्या प्रत्येक वेळी दारूचं बिल दुसऱ्यानं भरलं, आणि पिणाऱ्याला ते दिसलंसुद्धा नाही.

एक साधी वाटणी करता येते. जेवण, औषध, दवाखान्याचं भाडं, कामावर जायचा डबा याला कधी नाही म्हणायचं नाही. रोकड, जुनी उधारी आणि खोटं बोलणं याला हो म्हणायचं नाही. उधारी त्यानंच फेडायची, हप्ते पाडून. बापानं फार तर सोबत जाऊन सावकाराशी मुदतीचं बोलावं. आणि आता रोकड नुसती खिशात नसते, ती फोनमध्येही असते. फोन-पेचं खातं ज्या बँक खात्याला जोडलंय त्यात रोजच्या खर्चापुरतेच पैसे राहतील असं करता येतं. हे सगळं त्याच्या संमतीनं, काही मुदतीसाठी. तिशीतल्या बाप्याला वर्षानुवर्षं दहा-दहा रुपये मोजून दिले की त्याच्यात ताठ मानेनं जगायची हिंमत कुठून येणार?

न कळता जेवणात औषध घातलं तर?

'पिणाऱ्याला न सांगता दारू सोडवा' अशा जाहिराती भिंतींवर, रिक्षांच्या मागे असतात. वासरहित पूड, भाजीत कालवायची. यात नेमकं काय असतं हे पुडीवर बहुधा लिहिलेलं नसतं.

दारू सोडवण्यासाठी डायसल्फिरम नावाची एक गोळी खरोखरच आहे. दारूचं शरीरात आधी एका विषारी पदार्थात रूपांतर होतं आणि मग यकृत तो पदार्थ निकामी करतं. ही गोळी ते दुसरं काम अडवते. त्यामुळे गोळी घेतलेला माणूस प्यायला तर तोंड लालबुंद होतं, छाती धडधडते, ओकाऱ्या होतात, रक्तदाब कोसळू शकतो. ज्याला हे ठाऊक आहे तो पिणं टाळतो. गोळीचा सगळा उपयोग या ठाऊक असण्यात आहे. ज्याला ठाऊकच नाही तो नेहमीसारखा पितो, आणि हृदयाचा त्रास असेल तर दगावूही शकतो. गोळी बंद केल्यावरही तिचा परिणाम दोन आठवड्यांपर्यंत राहू शकतो. शिवाय चोरून दिल्याचं कळलं की तो घरच्या ताटालाही भितो.

उघडपणे, डॉक्टरच्या देखरेखीखाली हीच गोळी कामाची आहे. नाल्ट्रेक्सोन आणि अकॅम्प्रोसेट ही ओढ कमी करणारी दुसरी औषधंही आहेत. कुणाला कोणतं, हे यकृत आणि इतर तपासण्या बघून डॉक्टर ठरवतात.

घरोघरी होणारी एक गोष्ट इथं सांगायलाच हवी. पोरगं अशक्त झालंय म्हणून आई ताकदीसाठी अश्वगंधारिष्ट किंवा दशमूलारिष्ट आणते. आसव-अरिष्टांत आंबवण्यातून तयार झालेलं अल्कोहोल असतं, बाटलीवर तसं लिहिलेलंही असतं. काही खोकल्याच्या औषधांतही असतं. डायसल्फिरम चालू असेल तर तेवढ्यानंही त्रास होऊ शकतो, आणि चालू नसेल तरी त्या चवीनं जुनी ओढ जागी होते. औषध घेताना दुकानदाराला स्पष्ट विचारा.

लग्न लावून दिलं की सुधारेल?

नाही. जबाबदारी पडली की माणूस ताळ्यावर येतो हे काही बाबतींत खरं असेल, पण इथं त्याची किंमत परक्या घरातली एक मुलगी मोजते. आधी निदान वर्षभर तरी कोरडं जाऊ द्या, आणि मग मुलीकडच्यांना खरं सांगून बोलणी करा. सून आधीच घरात असेल तर 'तुझ्या कटकटीनं पितो' हे वाक्य सासूनं तोंडातून काढू नये. मारहाण होत असेल तर आधी सून आणि लेकरं सुरक्षित जागी. पोलिसांसाठी 112 आणि महिलांसाठी 181 हे क्रमांक आहेत.

माळेचं मात्र वेगळं आहे. तुळशीची माळ घालून पिणं सुटलेली माणसं आपल्या प्रत्येक गावात आहेत, ती नाकारायचं कारण नाही. माळेबरोबर काय काय येतं बघा: पहाटे उठणं, संध्याकाळी हरिपाठ, सप्त्यात वाढपाचं काम, आणि न पिणारी नवी सोबत. नवी वाट पडायला हेच लागतं. अडचण होते ती 'माळ घातली, आता गोळ्या कशाला' म्हणतात तेव्हा; आणि चुकून प्याला तर 'माळ बाटवली' म्हणून त्याला दिंडीतून बाजूला काढतात तेव्हा, कारण नेमकी त्याच दिवशी त्याला सोबत हवी असते. माळ आणि गोळी दोन्ही चालू द्या.

पुन्हा प्याला तर सगळं संपलं का?

व्यसनाच्या उपचारांनंतर 40 ते 60 टक्के लोक कधी ना कधी पुन्हा नशा करतात. दमा आणि रक्तदाबाच्या रुग्णांत औषध-पथ्य सुटून त्रास उलटण्याचं प्रमाणही याच घरात किंवा थोडं जास्तच आहे. तिथं कुणी 'पैसे पाण्यात' म्हणत नाही, औषध बदलतं. एकदा पाय घसरणं आणि पुन्हा रोजचं पिणं सुरू होणं यात अंतर असतं. ते अंतर वाढवणं घरच्यांच्या हातात आहे.

त्या रात्री काही बोलू नका. जेवत असेल तर जेवू द्या, कुशीवर झोपवा म्हणजे ओकारी श्वासात जाणार नाही. हिशेब सकाळी, आणि तोही एकच: बोलीत ठरल्याप्रमाणे आज डॉक्टरकडे किंवा समुपदेशकाकडे. केंद्रात पुन्हा टाकायची धमकी नको, 'माझं मेलेलं तोंड बघशील' तर नकोच. कोणत्या दिवशी, कुणाबरोबर, कशावरून हे समुपदेशकासमोर निघालं तर पुढच्या खेपेची तयारी होते.

काही वेळा मात्र सकाळची वाट बघायची नाही. फिट, बरळणं आणि भ्रम, रक्ताची उलटी, हलवूनही जाग न येणं, गोळ्या आणि दारू एकत्र घेतल्याचा संशय (दोन्ही मिळून श्वास मंदावतो), किंवा 'जगण्यात अर्थ नाही' असं बोलणं: यातलं काहीही झालं तर 108 ची गाडी बोलवा. शेवटची गोष्ट दारूच्या तोंडची बडबड समजून सोडून देऊ नका, आणि शेतीची फवारणीची औषधं आजच कुलपात ठेवा.

घरातल्या बाकीच्यांचं काय?

बापाची रोजची क्वार्टर चालू ठेवून लेकाची दारू सुटत नाही. 'मी प्रमाणात घेतो' हे खरं असलं तरी कपाटात बाटली आहे हे पोराला माहीत असतं. पहिलं वर्ष घर कोरडं. पाहुण्यांसाठीची बाटलीसुद्धा नाही.

आणि आई-बापाची तब्येत. वर्षानुवर्षं रात्री दाराच्या आवाजाकडे कान लावून बसलेल्या आईचा रक्तदाब कुणी मोजलेला नसतो. अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस ही पिणाऱ्यांची, एकमेकांच्या आधारानं कोरडं राहण्याची संघटना 1935 साली अमेरिकेत सुरू झाली, आणि 1951 मध्ये घरच्यांसाठी अल-अनॉन निघालं. यांच्या बैठका फुकट असतात, तिथं आडनाव विचारत नाहीत. जवळपास बैठक नसेल तर 14416 या टेली-मानस, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य मदतीच्या क्रमांकावर मराठीत बोलता येतं, तेही फुकट, आणि फोन घरच्यांनीही करता येतो. व्यसनमुक्तीसाठी सरकारचा वेगळा क्रमांक 14446 आहे.

पुढची तारीख कुठं घ्यायची?

दर वेळी पुण्या-मुंबईला धावायची गरज नाही. छत्रपती संभाजीनगरचं घाटी रुग्णालय, अंबाजोगाई, लातूर आणि नांदेडची शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं, शिवाय जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमातून जिल्हा रुग्णालयं, इथं मानसोपचाराची ओपीडी असते. केंद्रातून आल्यावर आठ-पंधरा दिवसांच्या आत पहिली फेरी व्हावी. केंद्राचा डिस्चार्ज कागद, चालू गोळ्यांची पाकिटं आणि आधार कार्ड बरोबर घ्या. गोळ्या कशा घ्यायच्या हे तिथंच लिहून घ्या. बरं वाटतंय म्हणून मधेच बंद करायच्या नाहीत.

आत गेल्यावर डॉक्टर पोराला विचारतील, झोप लागते का, ओढ होते का. उत्तर त्याला देऊ द्या, त्याच्या आधी बोलू नका. थोडा वेळ त्याला एकट्याला बसू द्या. तुम्हाला जे सांगायचंय त्यासाठी पाच मिनिटं वेगळी मागून घ्या; आणि काय सांगणार आहात ते आदल्या रात्री घरीच त्याला सांगून ठेवा.